ट्रकमधील फेरफार : वायरिंग आणि ॲक्सिलेटर यांचा हिशेब

कापडाच्या धंद्यात माल चांगला आणि भाव रास्त एवढ्यावर भागत नाही. माल दुकानात वेळेवर उतरावा लागतो. महालातील व गांधीबागेतील आपल्या व्यापारी बांधवांना हे सांगण्याची गरज नाही. तरीसुद्धा ज्या ट्रकवर आपण लाखोंचा माल चढवितो, त्या ट्रकच्या आत काय चालले आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बिल्टी आपण दोनदा वाचतो, गठाणी तीनदा मोजतो, ताडपत्रीला भोक तर नाही ना हेही पाहतो. केबिन उचलून वायरिंग मात्र कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. त्यापायी आमचा एक हंगाम गेला आणि एका निरपराध माणसावर आमच्या हातून अन्याय झाला. जे शिकायला मिळाले ते व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

सन २०२३ मध्ये आम्ही व आमचे साडू यांनी भागीदारीत एक सहाचाकी ट्रक जुन्यात घेतला. गाडी २०२१ ची, बीएस-६ इंजिनाची. भिवंडी, मालेगाव, बुऱ्हाणपूर येथून आमचा माल येतो. दर फेरीला भाडे भरण्यापेक्षा आपलीच गाडी असावी आणि जाताना दुसऱ्याचा माल न्यावा, असा हिशेब होता. पहिला मालक शौकीन होता. त्याने केबिनवर शंभर-शंभर वॅटचे चार हॅलोजन लावले होते, बॉडीच्या दोन्ही बाजूंना रंगीत एलईडीच्या पट्ट्या, केबिनमध्ये दोन पंखे, टेप, आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी व चहाची किटली चालविण्यासाठी एक इन्व्हर्टरसुद्धा होता. शिवाय ॲक्सिलेटरच्या वायरींत त्याने एक लहानशी डबी बसवून घेतली होती. 'हिच्यामुळे पिकअप वाढतो,' असे विकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. एवढे सर्व सामान फुकटात मिळाले याचाच आम्हाला आनंद! शौकीन माणसाची गाडी म्हणजे जपलेली गाडी, असा आमचा समज होता.

दिवसा मोठी गाडी महालात येऊ शकत नाही, म्हणून ती कापसीला उभी राहते आणि माल टेम्पोने दुकानात येतो. याचा परिणाम असा झाला की आम्ही आमची गाडी जेव्हा जेव्हा पाहिली, तेव्हा ती दिवसाउजेडी आणि दिवे बंद असतानाच पाहिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचाच संबंध येणार आहे.

सन २०२४ च्या रमजानपूर्वी भिवंडीहून ड्रेस मटेरियल आणि अस्तराचा मोठा माल निघाला. रात्री ड्रायव्हरचा फोन आला की कसारा घाटात गाडी चढत नाही. इंजिन चालू आहे, पण रेस घेत नाही. समोर पिवळा दिवा लागला आहे. किल्ली बंद करून दहा मिनिटे थांबले की गाडी पुन्हा नीट होते, आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा तेच. सकाळी गाडी मुकाट्याने घाट चढली. नाशिकला एका गॅरेजमध्ये दिवसभर तपासणी झाली, काही सापडले नाही. ॲक्सिलेटरचा सेन्सर मात्र बदलण्यात आला. त्या रात्री पुन्हा तोच प्रकार. पुढे आणखी दोन ठिकाणी गाडी उघडली, सेन्सर दुसऱ्यांदा बदलला. तिसऱ्या दिवशी उतरायचा माल आठव्या दिवशी उतरला. तोवर आमच्या किरकोळ गिऱ्हाइकांनी दुसरीकडून खरेदी उरकली होती. तो माल पुढे आम्हाला बकरीदच्या सुमारास खरेदीभावाच्या खाली काढावा लागला.

ड्रायव्हर बावीस वर्षांचा अनुभवी माणूस. तो आम्हाला एकच वाक्य परत परत सांगत होता, "सेठ, बत्ती जलाते ही गाडी दम छोड देती है." आम्ही हसलो. दिव्याचा आणि गाडीच्या ओढीचा काय संबंध? आम्हाला वाटले, हा कुठेतरी थांबून आराम करतो किंवा डिझेलमध्ये काही गडबड करतो. आम्ही त्याचा त्या फेरीचा भत्ता कापला.

दिव्याचा आणि ओढीचा संबंध आहे. कसा आहे, ते आता क्रमाने पाहू.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. शाळेत विज्ञानाच्या तासाला 'मुजाहमत' हा शब्द आम्ही घोकून पाठ केला होता. मराठी शाळेतल्या मुलांनी त्यालाच 'रोध' म्हटले असेल. अर्थ असा की वायर विजेला अगदी मोकळी वाट देत नाही, थोडा अडथळा करतेच. वायर जितकी बारीक आणि लांब तितकी मुजाहमत जास्त. येथे कापडवाल्यांनी एक घोटाळा टाळावा. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते. वायरच्या बाबतीत 'एक स्क्वेअर', 'अडीच स्क्वेअर', 'चार स्क्वेअर' असे जे म्हणतात त्यात आकडा वाढला की वायर जाड होते. आम्ही स्वतः दुकानात एकदा उलटी वायर मागितली होती.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट मिळविलेले असतात. लहान टेम्पोत बहुधा १२ व्होल्टच असतात. वॅटला व्होल्टने भागले की करंट निघतो. शंभर वॅटचे चार हॅलोजन म्हणजे ४०० वॅट, भागिले २४, म्हणजे सुमारे १७ अँपिअर. आता हे चारही दिवे एक स्क्वेअरच्या सहा मीटर वायरवर टाकले असे समजा. या वायरची मुजाहमत सुमारे ०.१ ओहम. सतरा अँपिअर वाहताना तीत पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात आणि सुमारे ३० वॅट इतकी उष्णता तयार होते. दोनच दिवे असते तर उष्णता सात-साडेसात वॅट झाली असती. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते, हा हिशेब कोणत्याही मिस्त्रीच्या अंदाजाने बदलत नाही.

सहा मीटर वायरभर पसरलेली ३० वॅट उष्णता कदाचित सोसली जाईल. पण वायर सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळलेला सांधा जर सैल झाला, तर तितकाच अडथळा हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत येऊन बसतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि त्याने शिसे-कथील वितळते. तसे एक आयर्न आपल्या गठाणींच्या शेजारी रात्रभर चालू ठेवून आपण घरी झोपू का? एलईडीच्या पट्ट्यांची वायर बहुधा बॉडीच्या आतल्या अंगाने, लोखंडी अँगलच्या धारेवरून नेलेली असते. गाडी हादरते, वायरचे कातडे घासते, तांबे उघडे पडते आणि लोखंडाला लागते. सुती गठाण तर आतल्या आत तासन् तास धुमसत राहते. बाहेर धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

यासाठी फ्यूज असतो. पण फ्यूजविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे की तो दिव्याला वाचवितो. फ्यूज वायरला वाचवितो. म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवावा, दिव्यांच्या संख्येवरून नव्हे. आणि तो बॅटरीच्या जवळ असावा. एक स्क्वेअरच्या वायरला १० अँपिअरचा फ्यूज पुरे. तो वारंवार उडतो म्हणून कोणी ३० चा टाकला किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळली, तर यापुढे फ्यूजऐवजी वायर जळेल. आमच्या गाडीत हॅलोजनच्या वायरवर फ्यूज नव्हताच! दिव्याचा सर्व करंट डॅशबोर्डवरील एका स्वस्त बटनातून जात होता. वास्तविक तेथे रिले हवा. रिले म्हणजे बारीक करंटने चालणारे मोठे बटन; त्यामुळे जाड वायर बॅटरीपासून थेट दिव्यापर्यंत जाते आणि डॅशबोर्डवर फक्त इशाऱ्यापुरता करंट येतो.

बॅटरीच्या बाबतीत जो फेरफार सर्वत्र आढळतो त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण यात पैसा हळूहळू आणि गुपचूप जातो. टेप १२ व्होल्टचा, गाडी २४ ची. मग मिस्त्री काय करतो? दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढून टेपला देतो. टेप वाजतो, सगळे खूश. आता हिशेब पाहा. टेपला आणि चार्जरला मिळून चार अँपिअर लागतात आणि ते सहा तास चालतात असे धरा. एका बॅटरीतून २४ अँपिअर-तास जास्तीचे गेले. चार्जिंग मात्र दोन्ही बॅटऱ्यांतून एकाच साखळीने होते; आल्टरनेटर केवळ एकूण २८ व्होल्टच्या आसपास बेरीज पाहतो. त्याला बेरीज बरोबर दिसते; परंतु आत एक बॅटरी १२.८ वर अर्धपोटी असते आणि दुसरी १५.२ वर जादा चार्ज होऊन पाणी उडवीत असते. दोन्ही लवकर मरतात, एक उपासमारीने आणि दुसरी अजीर्णाने. मग आपण बॅटरी बनविणाऱ्या कंपनीला शिव्या देतो. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. त्याची किंमत एका बॅटरीपुढे काहीच नाही.

आता ॲक्सिलेटरकडे वळू. जुन्या डिझेल ट्रकमध्ये पेडलपासून डिझेल पंपाच्या लिव्हरपर्यंत लोखंडी रॉड किंवा केबल असे. पाय दाबला की लिव्हर फिरे, पंप जास्त डिझेल देई, आणि पंपातील गव्हर्नर फेरे मर्यादेत ठेवी. पेट्रोल गाडीसारखा हवेच्या वाटेतील पडदा पेडलने उघडत-मिटत नसे. अशा गाडीत दिव्यांचा आणि ओढीचा खरोखरच फारसा संबंध नव्हता. आमचे हसणे त्या जुन्या गाड्यांच्या काळातले होते.

अशा जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि आपले टेम्पोवाले बांधव त्या चालवितात, म्हणून त्यांच्यातील दोन फेरफार येथेच सांगतो. पंपाचे सील तोडून डिझेलचा स्क्रू वाढविणे हा पहिला. डिझेल जास्त गेले तरी हवा तेवढीच राहते. जास्तीचे डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो, सायलेन्सरकडील भाग तापतो आणि ॲव्हरेज पडते. दुसरा फेरफार म्हणजे पेडल परत आणणारी स्प्रिंग तुटली की तिच्या जागी टायरच्या ट्यूबची पट्टी बांधणे. रबर उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होते, मग पाय उचलला तरी रेस उतरत नाही. याहून साधी गोष्ट अशी की पेडल पूर्ण दाबल्यावर पंपाची लिव्हर शेवटच्या टोकापर्यंत जाते की नाही, हे दोघांनी मिळून पाहावे. कित्येक 'ओढ नसलेल्या' गाड्यांत केबल ढिली झालेली किंवा पेडलखाली जाड मॅट घातलेली असते!

बीएस-६ गाडीत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या नियमाच्या गाडीत, रॉड नाही आणि केबलही नाही. पेडल हे केवळ एक विजेचे यंत्र आहे. इंजिनाचा संगणक, ज्याला मिस्त्री 'ईसीएम' म्हणतात, तो पेडलला ५ व्होल्ट देतो. पेडलमधून दोन वेगवेगळ्या वायरींवर दोन आकडे परत येतात. पाय जसजसा दाबला जाईल तसतसे दोन्ही वाढतात. पुष्कळ गाड्यांत दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबर निम्मा ठेवलेला असतो. पहिल्यावर १.५० व्होल्ट असतील तर दुसऱ्यावर ०.७५. एकाच गोष्टीची दोन साक्षीदारांकडून साक्ष घेण्याचा हा प्रकार आहे. दोन्ही साक्षी जुळल्या तर संगणक डिझेल सोडतो. जुळल्या नाहीत तर पेडल बिघडले असे समजून तो पिवळा दिवा लावतो, इंजिनाचे फेरे कमी करतो आणि गाडी लंगडत चालवितो. गाडी स्वतःहून भरधाव सुटू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे, आणि ती योग्यच आहे.

येथेच आमच्या गाडीचे कोडे होते. नागपूरला परत आल्यावर आम्ही बॅटरी व वायरिंगचे काम करणाऱ्या एका बुजुर्ग मिस्त्रीकडे गेलो. उस्तादांनी आमची हकीकत ऐकली आणि विचारले, "रात को होता है, दिन को नहीं?" आम्ही हो म्हणालो. ते म्हणाले, मग गाडी दिवसा का आणली? मगरिबनंतर आणा, आणि तिच्यावर जे जे लावले आहे ते सगळे चालू करून आणा.

त्या संध्याकाळी त्यांनी दिवे, पंखे, इन्व्हर्टर सगळे चालू ठेवले आणि मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी केबिनच्या पत्र्याला लावली. दोन्ही निगेटिव्हच, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. मीटरने ०.४ व्होल्ट दाखविले. सगळे बंद केले, आकडा शून्य झाला.

कारण असे. केबिन रबराच्या बुशांवर बसलेली असते. रबरातून वीज जात नाही, म्हणून केबिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. पहिल्या मालकाने गाडीला रंग-रोगन करविले तेव्हा ती पट्टी रंगावरच कसली गेली होती, आणि खाली गंज धरला होता. हॅलोजन, पंखे आणि इन्व्हर्टर यांचा परतीचा करंट, जवळपास ३३ अँपिअर, त्या एका खराब पट्टीतून जात होता. तिची मुजाहमत ०.०१२ ओहम, म्हणजे अगदीच नगण्य दिसणारी. पण ३३ ने गुणले की ०.४ व्होल्ट होतात. २४ व्होल्टच्या दिव्याला यात काहीच कळत नाही, तो तितकाच उजळतो.

पण ती 'पिकअप'ची डबी बसविताना कोणीतरी पेडलची अर्थ वायर, जी संगणकाकडे जायला हवी होती, कापून टाकली होती. ती आणि डबीची अर्थ दोन्ही केबिनच्या एका स्क्रूला कसल्या होत्या. त्यामुळे केबिन ०.४ ने वर उचलली गेली की पेडलचे दोन्ही आकडेही संगणकाला ०.४ ने वर दिसत. १.५० चे १.९० झाले आणि ०.७५ चे १.१५. पण १.९० चे निम्मे ०.९५ होतात, १.१५ नव्हे. दोन साक्षींमध्ये ०.२० चा फरक पडला आणि संगणकाने पेडलवरचा विश्वास काढून घेतला. दिवे बंद केले, किल्ली फिरविली, साक्षी पुन्हा जुळल्या. सकाळी गॅरेजवाल्याला काही सापडणार तरी कसे? दोन नवे सेन्सर आम्ही विनाकारण विकत घेतले. आणि ड्रायव्हरचे वाक्य शब्दशः खरे होते.

दुरुस्ती साधी होती. डबी काढून टाकली, पेडलची वायर मूळच्या जागी नीट सोल्डर करून जोडली, पट्टीखालचा रंग घासून पांढरे लोखंड काढले आणि पट्टी नवी बसविली. इन्व्हर्टरची निगेटिव्ह जाड वायरने सरळ बॅटरीवर नेली. हॅलोजन उतरविले. त्यानंतर सर्व काही चालू असताना तोच आकडा ०.०५ च्या खाली आला.

कोणी म्हणेल की डबीने थोडा तरी फायदा होत असेल. आमच्या मते होत नाही. ती फक्त संगणकाला सांगते की पाय अर्धा नसून पाऊण दाबला आहे. इंजिनाची पूर्ण ताकद जेवढी आहे तेवढीच राहते. पूर्ण पाय दाबला तर डबी असली काय आणि नसली काय, सारखेच. भरल्या गाडीत उलट क्लच सोडताना झटका बसतो आणि गठाणी सरकतात. वेगमर्यादेचे यंत्र, म्हणजे स्पीड गव्हर्नर, हीदेखील याच जागी हात घालणारी वस्तू आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालवाहू गाड्यांना, काही सवलती सोडता, कारखान्यातूनच ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लावून देण्याचा नियम झाला. बाहेरून बसविलेले यंत्र असेल तर त्याची अर्थ वायर कोठे कसली आहे हे अवश्य पाहावे. डिझेल इंजिन बदलून सीएनजीवर नेलेल्या गाडीत तर वीज आणि ॲक्सिलेटर यांचे नाते आणखी घट्ट होते, कारण गॅस ठिणगीने पेटतो आणि तेथे हवेचा पडदा खरोखरच लागतो. बॅटरी जरा कमजोर झाली की ठिणगी कमजोर होऊन चढावर गाडी गचके खाते.

बॉडी बांधणाऱ्या कारागीर बंधूंना एक विनंती. बीएस-६ गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी आणि कंपनी सांगत असेल तर संगणकाचे कनेक्टरही काढावेत, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावावी. नाही तर वेल्डिंगचा करंट आपली वाट सेन्सरच्या बारीक वायरींतून शोधतो, आणि बिघाड आठवड्यानंतर भलत्याच ठिकाणी दिसतो.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न नियम ११९ प्रमाणे चालत नाही. दंड भरून माणूस सुटतो, पण आगीनंतर विम्याचा दावा करताना कंपनीला न कळविलेला फेरफार आडवा आला तर गाडीचे पैसे अडकून बसतात, हे जास्त जड आहे.

ज्यांना जुना ट्रक घ्यायचा आहे किंवा नेहमीच्या भाड्याच्या गाडीवर मोठा माल चढवायचा आहे, त्यांनी काही शे रुपयांचा मल्टिमीटर जवळ ठेवावा आणि गाडी अंधार पडल्यावर पाहावी. इंजिन चालू, थोडी रेस, सर्व दिवे चालू. दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून २७.५ ते २८.५ व्होल्ट यावेत; २६.५ च्या खाली असेल तर आल्टरनेटरला ओझे पेलत नाही. मग एकेक बॅटरी वेगळी मोजावी. दोघींत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर एकीवरून टेपची वायर गेलेली आहे असे समजून शोध घ्यावा. त्यानंतर बॅटरीच्या निगेटिव्हपासून केबिनच्या पत्र्यापर्यंत आणि इंजिनापर्यंत मोजावे, ०.२ पेक्षा जास्त असू नये. शेवटी दिवे चालू ठेवूनच पाच किलोमीटर भरली गाडी चालवून पाहावी, आणि परत आल्यावर बटने, फ्यूजची पेटी व सांधे यांना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करावा. गरम लागेल ती जागा आधी उघडावी. विकणारा रात्री गाडी दाखवायला तयार नसेल तर भाव उतरविण्याऐवजी तो सौदाच सोडावा असे आमचे मत आहे. साडू यांचे मत वेगळे आहे; ते म्हणतात की भाव उतरवून घ्यावी आणि सगळी वायरिंग उपटून नवी टाकावी. तेही चुकीचे नाही, मात्र ते पैसे हिशेबात आधी धरावेत.

कापलेला भत्ता आम्ही ड्रायव्हरला त्याच आठवड्यात परत केला. त्याने तो मोजला, खिशात घातला आणि काही बोलला नाही. गाडी आजही तोच चालवितो. आमच्यापेक्षा उस्तादांवर त्याचा भरवसा जास्त आहे. दर दोन महिन्यांनी आम्हाला न विचारता तो मगरिबनंतर गाडी त्यांच्याकडे नेतो, आणि मल्टिमीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून आणून दुकानात ठेवतो. मागील चिठ्ठीवर ०.०४ होते.